माझ्याच घराची घरभेट

मंगळवार, २१ जानेवारी २०२५

डोकं भणभणतंय. दिवसभर प्रशिक्षण! 'बालकल्याण संस्थांच्या कामाचा दर्जा उंचावण्यासाठी तांत्रिक सहाय्य' — बॅनर वाचून होईपर्यंत चहा गार झाला. सरकारनं पुण्याहून पथक पाठवलंय. शिकवणाऱ्या शिवप्रिया मॅडम माझ्याच वयाच्या, चौतीस-पस्तीसच्या. बोलतात गोड, पण निम्मं डोक्यावरून जातं.

नऊ वर्षं मी घरभेटी करतेय. कुठल्या लेकराबद्दल तक्रार आली की जायचं, सतरंजीवर बसायचं, चहा घ्यायचा, लेकराला जवळ बोलवायचं. घरात काय चाललंय ते अर्ध्या तासात कळतं. मग अहवाल — लेकरू घरी ठेवावं की नाही. आता तसं चालणार नाही म्हणे. टॅबमध्ये तीस प्रश्न, प्रत्येकाला धोक्याचे गुण. ॲप बेरीज करतं आणि घराला रंग देतं. हिरवा, पिवळा, लाल. लाल आलं की केस सुरू.

कलीमभाईंना विचारलं, तुम्हाला कळलं का? माझ्या शेजारच्याच टेबलावर बसतात, माझ्याहून दोन वर्षं जुने. म्हणाले, "ताई, मला जेवण कधी हाय एवढंच कळलं."

बुधवार, २२ जानेवारी

आज सराव. मॅडम म्हणाल्या, "प्रत्येकानं आपल्या स्वतःच्या घराचा फॉर्म भरा. प्रामाणिकपणे भरा हं, तरच प्रश्न कसा टोचतो ते कळेल." सगळ्यांनी गंमत केली. कलीमभाईंनी मुलाचं नाव टिंकू घातलं. मी मात्र सांगितलं तसं केलं. प्रेमचं नाव, वय नऊ, शाळा, आधार नंबरसुद्धा! पाठच आहे तो.

वडील घरी राहतात का? — नाही. शांतलिंग चाकणला कंपनीत, महिन्यातून दोनदा येतो. मूल रोज किती वेळ एकटं असतं? — चार तास. दोनला शाळा सुटते, मी सहाला येते. घराला बाहेरून कुलूप लावता का? — हो. खालच्या दैवशालाकाकू त्याला जेवायला घालून कुलूप लावतात. काळजीपोटीच ना! मुलाला मारता का — कधीच नाही, कधी कधी, नेहमी. 'कधी कधी' भरलं. कुठल्या घरात नाही?

हॉलमध्ये नेटवर्क नव्हतं. बाहेर लिंबाखाली जाऊन पाठवलं.

लाल!!

सगळे हसले. मीही हसले. मॅडम हसल्या नाहीत, "सराव आहे, मनाला लावून घेऊ नका," म्हणाल्या. कशाला लावून घेऊ? नऊ वर्षं दुसऱ्यांची घरं बघणाऱ्या बाईचं घर लाल — मग हे ॲप तरी काय कामाचं?

घरी आले तर प्रेमनं दूध सांडून ठेवलेलं, वर फडक्याऐवजी माझी ओढणी टाकलेली. एक ठेवून दिली पाठीत. मुकाट्यानं पुसून घेतलं त्यानं.

गुरुवार, २३ जानेवारी

फॉर्ममध्येच खोट आहे. बस.

सोमवार, २७ जानेवारी

हसावं की रडावं कळत नाही.

सकाळी कलीमभाई टॅब घेऊन आले. चेहरा उतरलेला. "ताई, हे बघा. मला नवी केस आली." वाचलं — बालकाचे नाव : प्रेम शांतलिंग. पत्ता : आमचा. रंग : लाल. तीन आठवड्यांत घरभेट.

उलगडा झाला तो असा. सरावासाठी वेगळं लॉगिन होतं. ते आम्हाला मिळालंच नव्हतं, म्हणून सगळ्यांनी रोजच्याच लॉगिननं भरलं. बाकीच्यांचे फॉर्म ॲपनं फेकून दिले, कारण टिंकूला आधार नंबर नाही. माझा तेवढा घेतला. अगदी बिनचूक होता ना!

तांत्रिक सहाय्याचा नंबर लावला. एक मुलगा बोलला, गोड आवाजाचा. "मॅडम, नोंद झालेली केस काढता येत नाही. बंद करता येते. त्यासाठी घरभेट आणि मुलाशी एकट्याशी बोलणं, दोन्ही लागतं." मी म्हणाले, अहो, चुकून झालंय. तो म्हणाला, "आपण तक्रारदार आहात, कार्यकर्त्या आहात की पालक?" म्हटलं, तिन्ही! "तिन्ही एकदम निवडता येत नाहीत, मॅडम. एकच सांगा."

फोन ठेवून दिला.

मंगळवार, २८ जानेवारी

ऑफिसच्या साहेबांनी बोलावलं. आधी पोटभर हसले, मग दार लोटून घेतलं. "वर्षाराणी, तुमचा करार फेब्रुवारीअखेर संपतो. नव्यानं करायचा तर मला वर लिहून द्यावं लागतं, की या कर्मचाऱ्यावर कुठलीही केस नाही. आता मी काय लिहू?" म्हटलं, सर, सरावाची केस आहे ती. म्हणाले, "ते तुम्हाला माहीत, मला माहीत. मशीनला कुठं माहीत आहे? वीस तारखेच्या आत बंद करून घ्या."

शांतलिंगला फोन केला. तोही हसला. मग एकदम चिडला. "स्वतःच्या घरावर केस करणारी बाई पहिल्यांदा बघितली! आणि मारतो असं कशाला भरलंस?" मी म्हणाले, मारतो नाही, मारते. कधी कधी. त्यानं विषयच बदलला. का बदलला तेही कळलं नाही.

शुक्रवार, ३१ जानेवारी

ढोकीला गेले होते. खरी केस, पहिल्यांदाच टॅबवर. रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, तासाचा रस्ता पावणेदोन तासांचा झाला.

अलिजा, वय आठ. आई नाही. बाप उसाच्या ट्रॅक्टरवर, तिसऱ्या दिवशी घरी येतो. आजी हमिदाबी सांभाळते. शेजारणीनं तक्रार केलीय, की म्हातारी पोरीला एकटी टाकून बाजारात बांगड्या विकायला बसते. मी एकेक प्रश्न विचारत गेले. म्हातारीनं दोन-तीन प्रश्न ऐकून घेतले, मग म्हणाली, "बेटी, आधी च्या पी. हे समदं तू तोंडानं पुसतीस की त्या पाटीवरचं वाचतीस?"

मारण्याचा प्रश्न आला. हमिदाबी म्हणाली, "मला कशाला पुसती? ज्याला लागतं त्याला पूस ना."

अलिजाला विचारलं. ती सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, "मारती की! परवा झाडूनं मारली. म्या शेळीला दादीचं लुगडं खाऊ दिलं म्हून!" आणि दोघी आजी-नात फिदीफिदी हसायला लागल्या. पोरगी म्हातारीच्या मांडीवर रेलून बसलेली.

बेरीज लाल. माझ्या घरापेक्षा एक गुण कमीच.

निघताना म्हातारीनं विचारलं, "तुझं लेकरू कुणापाशी हाय आता?" शेजारणीपाशी, म्हटलं. मूठभर बोरं दिली त्याच्यासाठी.

येताना गाडीत एकच गोष्ट डोक्यात. ती पोरगी उत्तर देताना आजीच्या तोंडाकडे बघत नव्हती. प्रेमला कुणी काही विचारलं, की तो आधी माझ्याकडे बघतो. पाहुण्यांनी नाव विचारलं तरी. आजवर मला वाटायचं, काय वळण लावलंय मी पोराला!

अभिप्रायाच्या रकान्यात अलिजाबद्दल लिहिलं — मुलगी आजीजवळ निर्धास्त आहे, आजीला मदत द्यावी, मुलीला हलवू नये. ॲप त्याला गुण देत नाही. तरी लिहिलं.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज चुकलंच माझं काहीतरी. पण काय चुकलं ते नीट पकडता येत नाही.

जेवताना प्रेमला सांगितलं, "कलीममामा येणार आहेत आपल्याकडे. तुला काही प्रश्न विचारतील. आई मारते का, असं विचारलं तर काय सांगशील?"

"काय सांगू?"

"खरं ते सांगायचं."

"म्हणजे काय सांगू?"

थट्टा करतोय वाटलं. नव्हता करत. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून माझ्या तोंडाकडे बघत होता. माझं डोकं फिरलं. म्हणाले, नाही म्हणायचं! मारत नाही म्हणायचं! एवढं कळत नाही? "कळलं," म्हणाला. मग मी गप्प बसावं ना — दोनदा म्हणून घेतलं त्याच्याकडून.

गेल्या वर्षभरात अशी पढवलेली तीन लेकरं मी स्वतः ओळखली आहेत. विचारायच्या आत उत्तर देतात ती.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

कलीमभाई आज उद्या करतायत. म्हणे, "ताई, मला लाज वाटती. तुमच्या घरात बसून तुमच्या पोराला कसं पुसू? मी बसल्या जागी भरून टाकतो की." मी हो म्हणाले! लगेच हो म्हणाले. पण टॅबमध्ये जागेची खूण लागते, घरात उभं राहिल्याशिवाय फॉर्म उघडतच नाही. प्रशिक्षणात हे फार कौतुकानं सांगितलं होतं.

रविवार, ९ फेब्रुवारी

घर घासूनपुसून काढलं. पडदे धुतले. प्रेमचं कपाट लावलं, पुस्तकं उंचीप्रमाणे. त्याला नवा शर्ट. मधेच हातातलं फडकं टाकून बसले — लोक मी जायच्या आधी हेच करतात! ताजी सारवलेली जमीन, तेल लावून चापून बसवलेली लेकरं. मी मनातल्या मनात हसायची. आता त्याच बायकांसारखी मी पडद्याच्या चुण्या सारख्या करतेय.

पण मी त्यांच्यातली नाही. माझ्या घरात दारू नाही, उपासमार नाही, शाळा बुडत नाही. मग पडदे कशाला धुतले?

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दुपारनंतर रजा टाकून घरी थांबले. कलीमभाई साडेचारला आले. पोहे केले होते, बसले नाहीत. "आधी काम उरकू." नियमाप्रमाणे मला बाहेर जावं लागलं. आपल्याच घरातून! खाली दैवशालाकाकूंच्या ओट्यावर जाऊन बसले. काकू शेंगा फोडत होत्या, मीही फोडायला लागले. दहा मिनिटांचं काम. वीस झाली. अर्धा तास झाला. काकू म्हणाल्या, "काय गं, एवढं काय बोलतंय ते लेकरू? आपल्यापाशी तर तोंड उघडत न्हाय."

चाळीस मिनिटांनी कलीमभाई खाली आले. पोहे नको, चहा नको. चपला घालताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या आफिसात बोलू, ताई."

वर गेले तर प्रेम अभ्यासाला बसलेला. काय विचारलं रे मामांनी? "काही नाही." काय सांगितलंस? "तू सांगितलेलं."

बुधवार, १२ फेब्रुवारी

जसं ऐकलं तसंच लिहिते. नाहीतर दोन दिवसांनी मी यात माझ्या सोयीचं काहीतरी मिसळीन.

कलीमभाईंनी टॅबवर काही भरलं नव्हतं, वहीच्या कागदावर लिहून आणलं होतं. म्हणाले, "मी बसलो न बसलो तोच पोरगं म्हणालं, आई मारत नाही, आई मारत नाही. मी इचारलंच नव्हतं, ताई!" मग त्यांनी टॅब बंद करून ठेवला. इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. शाळा, क्रिकेट. बऱ्याच वेळानं प्रेम आपणहून बोलला — आई जिन्यावरून येते तेव्हाच कळतं. काय कळतं? तिनं चपला नीट काढल्या, की मी बाहेर येतो. भिरकावल्या, की पुस्तक घेऊन बसतो. पुस्तक कोणतंही चालतं, आई बघत नाही.

आई लई मारते का? लई नाही, म्हणाला. पण कधी मारणार ते कळत नाही.

आणि मग म्हणाला — आई फोनवर दुसऱ्या मुलांशी खूप छान बोलते. बाळा, घाबरू नकोस, म्हणते. मी दाराआडून ऐकतो.

कलीमभाईंनी कागदाची घडी केली. डोळे भरले होते त्यांचे. "ताई, मी तुमाला नऊ वर्षं बघतोय. तुमी वाईट न्हाईत. हे मी चढवत न्हाय. सगळं ठीक हाय असं भरतो, केस बंद करतो. हा कागद तुमच्यापाशी ठिवा, न्हायतर फाडा."

माझ्या तोंडून एवढंच निघालं — थांबा, उद्या सांगते.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

रजा टाकली. काही सुचत नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

कागद चार वेळा वाचला. पहिल्यांदा राग आला — पोराचा! एवढं करते मी याच्यासाठी. एकटी. बाप तिकडं मजेत, सासर तिकडं, आजारपण मी, शाळा मी, सगळं मी. आणि हा परक्या माणसाला घरातलं सांगतो! मग भानावर आले. ढोकीच्या पोरीनं झाडूचं सांगितलं तेव्हा मला कौतुक वाटलं होतं.

मी मारते तेव्हा मला राग प्रेमचा नसतोच. कधी साहेबांचा, कधी शांतलिंगचा, कधी दिवसभरात बघितलेल्या एखाद्या घराचा. ते सगळं घेऊन मी जिना चढते आणि वर तो असतो. हे आज पहिल्यांदा लिहिलं. लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं. लाज वाटतेय.

तरीही घोळ संपत नाही. फॉर्मनं मला लाल दिलं ते बाप बाहेरगावी म्हणून, कुलूप म्हणून. त्यातलं मला एकही पटत नाही, आजही नाही. अलिजालाही लाल, आणि ती पोरगी ताठ मानेनं बोलते. म्हणजे फॉर्म चुकला. पण फॉर्म चुकला नसता तर कलीमभाई माझ्या घरात आलेच नसते. मग फॉर्म बरोबर म्हणायचा का चूक? मला खरंच सांगता येत नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

बाजारातून येताना जिना हळू चढले. चपला काढून कडेला जोडीनं ठेवल्या. आत गेले तर तो पुस्तक घेऊनच बसलेला. त्याला वाटलं असेल, आज आवाजच नाही म्हणजे काहीतरी वेगळंच आहे.

रडू आलं. मोरीत जाऊन रडले. ते तरी त्याला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला.

मग शिवप्रिया मॅडमना फोन केला. शनिवार असून उचलला. सगळं सांगायचं नव्हतं, सांगून टाकलं. विचारलं, केस बंद नाही केली तर काय होतं? म्हणाल्या, "मदत सुरू होते, वर्षाराणी. सहा महिने कोणीतरी येतं, मुलाशी बोलतं, तुमच्याशीही बोलतं. मी दोन दिवस तेच सांगत होते ना — केस म्हणजे गुन्हा नव्हे." मला तर त्या दोन दिवसांतलं हे वाक्य आठवतसुद्धा नाही. मी फक्त रंग लिहून घेतले होते.

आणि माझा करार? म्हणाल्या, "ते माझ्या हातात नाही. खोटं कशाला सांगू?"

घर, भाडं, शाळा, सगळं या नोकरीवर. बंद म्हटलं तर सोमवारी सगळं मिटतं. कुणाला कळणारही नाही. प्रेमही पुन्हा कुणाला काही सांगणार नाही, एवढं मी नऊ वर्षांत शिकले आहे. एकदा सांगून काही झालं नाही, की लेकरं पुन्हा सांगत नाहीत.

सोमवार, १७ फेब्रुवारी

कलीमभाईंना कागद परत दिला. यातलं सगळं भरा आणि केस बंद करू नका, म्हणाले. साहेबांना मीच जाऊन सांगितलं. ते बराच वेळ पेन फिरवत राहिले, "बघू" म्हणाले.

घरी येऊन प्रेमला सांगितलं, कलीममामा पुन्हा येणार आहेत. दर महिन्याला येतील.

"तू असताना, की नसताना?"

"तू सांगशील तसं."

त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. मग खाली बघून खूप वेळ विचार केला.

"नसताना," म्हणाला.